गाण्यात न आलेली बादली

दिल्लीच्या द्वारकेतल्या आमच्या सोसायटीत गणपतीच्या दिवसांत एक गाणं दरवर्षी लागतंच. मंडळाने पोरांचे नाच बसवलेले असोत, नाहीतर विसर्जनाच्या आधी बायका फुगड्या घालत असोत, कोणीतरी ओरडतं, "अरे, ते दारवालं लावा ना यार!" आणि ते लागतं. आधी नुसती गिटार, मग मागून ड्रम, मग तो थोडासा घोगरा आवाज: 'दार वाजव की, मी आतच आहे.' पहिलं कडवं संपलं की गाणं एकदम थांबतं. सगळी वाद्यं बंद. त्या शांततेत ऐकणाऱ्यांनी हाताला लागेल त्यावर वाजवायचं असतं: टक, टक-टक. खुर्चीची पाठ, स्टीलचं ताट, पुढच्याचं टक्कल, काहीही चालतं. मग ड्रम पुन्हा सुरू होतो आणि लोक नाचायला लागतात.

मी कधीच वाजवत नाही. मंडळात मला 'सिरियस साहेब' म्हणतात. केंद्र सरकारच्या एका खात्यात मी फायलींवर टिपण्या लिहितो, त्यामुळे माझ्या गप्प बसण्याचं कोणाला नवल वाटत नाही. उलट एखादा माणूस कोपऱ्यात गंभीर बसलेला असला की कार्यक्रमाला वजन येतं, असं आमच्या सेक्रेटरींचं मत आहे. खरं कारण मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. त्या गाण्यात दार न वाजवता निघून जाणारा जो कोणी आहे, तो मी आहे.

बावीस-तेवीस वर्षं झाली. आम्ही दिल्लीतच मुनिरक्यात राहायचो. चार मजली अरुंद इमारत, तिसऱ्या मजल्यावर चार खोल्या, त्यातल्या तीन मराठी पोरांच्या. गल्ली इतकी चिंचोळी की समोरच्या बाल्कनीतला माणूस पेपर वाचायला लागला की आपणही आपल्या खोलीतून वाचून घ्यावा. आम्ही वाचायचोही. त्याने पान लवकर उलटलं तर आमचा एक मुलगा इकडून ओरडायचा, "भैया, एक मिनट!" सगळे एकाच स्पर्धा परीक्षेच्या मागे लागलेले. गावाकडे आमचे फोटो अजून पेपरात आले नव्हते, पण आयांनी ते कोणत्या शर्टात काढायचे हे ठरवून ठेवलं होतं.

तो माझ्या शेजारच्या खोलीत होता, मधे एका विटेची भिंत. तो नगरकडचा. त्याचे वडील मिशनच्या शाळेत मास्तर. लहानपणापासून चर्चच्या गायनमंडळात वाजवायचा, त्यामुळे गिटार त्याच्या अंगाला चिकटलेलीच असायची. मी परभणीकडचा, तहसील कचेरीतल्या कारकुनाचा मुलगा. आमच्या घरी संगीत म्हणजे आरत्या आणि कुकरच्या शिट्ट्या. तरी आमचं जमलं, कारण त्याला अभ्यास पाठ होत नसे आणि मला झोप येत नसे. पाठ होण्यासाठी त्याने राज्यघटनेच्या कलमांना चाली लावल्या होत्या. मूलभूत हक्कांना उडती चाल, आणीबाणीच्या कलमांना रडकी. आजही ऑफिसात एखाद्या कलमाचा आकडा आठवेना झाला की मी मनात ती चाल म्हणतो आणि आकडा येतो. समोरच्या अवर सचिवांना वाटतं, हा माणूस काय विद्वान आहे.

महिन्यातून एका रविवारी आम्ही बसने कस्तुरबा गांधी मार्गावरच्या राज्याच्या अतिथीगृहात जायचो. तिथल्या कँटीनमध्ये झुणका-भाकरी मिळायची. भाकरी खाऊन बाहेर आलो की तो आवारात उभा राहून मान वर करून खोल्यांच्या खिडक्यांकडे बघायचा. "भावा, एक दिवस आपण इथं पाहुणे म्हणून उतरायचं. वरच्या मजल्यावर. खालून फोन येणार, साहेब, चहा पाठवू का?" मी म्हणायचो, आधी पूर्व परीक्षा पास हो. तो म्हणायचा, "तू ना, स्वप्नातसुद्धा पात्रता तपासशील."

खोटं नव्हतं ते. नियमांचं मला पहिल्यापासून वेड. इमारतीत दोन नियम होते आणि दोन्ही मीच चालवायचो. पहिला पाण्याचा. तिसऱ्या मजल्यावर पाणी चढत नसे. सकाळी पावणेसहाला तळमजल्याच्या नळाला यायचं आणि साडेसहाला जायचं. मी लवकर उठणारा, म्हणून माझं काम असं की नळाला धार दिसली की जिन्याने वर येत प्रत्येक दारावर थाप मारायची आणि ओरडायचं, "पाणी आलंय!" मग सगळे डोळे चोळत बादल्या घेऊन खाली. त्याच्या दारावर मला दोनदा थापा माराव्या लागत. तो आतून म्हणायचा, "पाण्याला म्हणावं, थांब." पाणी काही थांबत नसे.

दुसरा नियम दाराचा. आदल्या वर्षी निकालाच्या दिवशी कोपऱ्यातल्या खोलीतला विदर्भाचा मुलगा नापास झाला, तेव्हा दिवसभर त्याच्याकडे सांत्वनाला माणसांची रीघ लागली. एक जण केळी घेऊन आला. संध्याकाळी तो वैतागून म्हणाला, "मी मेलोय का रे?" त्यानंतर आम्ही ठरवलं: निकालाच्या दिवशी ज्याचा नंबर आलाय त्याने दार उघडं ठेवायचं. ज्याचा नाही त्याने लावून घ्यायचं. लागलेलं दार कोणी वाजवायचं नाही, तो आपणहून उघडेपर्यंत. मसुदा माझा होता. हळूहळू आजूबाजूच्या इमारतींतही तो गेला आणि 'त्याचं दार लागलं' म्हटलं की सगळ्यांना सगळं कळायचं.

सगळे मान्य म्हणाले, तो एकटा हसला. "कायदा चांगलाय. पण मला नको लावू. माझं दार वाजव तू."

मी म्हणालो, "अपवाद ठेवला की कायदा राहत नाही."

हे वाक्य मला जसंच्या तसं आठवतं. त्या वेळी मला ते फार हुशारीचं वाटलं होतं.

पुढच्या वर्षी मुख्य परीक्षेचा निकाल लागला तेव्हा मी गल्लीच्या तोंडाशी असलेल्या सायबर कॅफेत होतो. निकाल बघायला कोणी कोणाबरोबर जायचं नाही, हीही एक रीतच. आम्हाला एकमेकांचे नंबर तोंडपाठ होते. यादीत माझा होता. मग मी त्याचा शोधला. तीनदा शोधला. त्याचा तो शेवटचा प्रयत्न होता, पुढे परीक्षेला बसता येणार नव्हतं. मी परत आलो तेव्हा त्याचं दार लागलेलं होतं. तो माझ्या आधीच बघून आला होता. नियमाप्रमाणे मी माझं उघडं ठेवायला हवं होतं. मी ते अर्धवट लोटून आत बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी आलं. मी जिन्याने वर आलो, दोन दारांवर थापा मारल्या, आणि त्याच्या दारासमोर येऊन थांबलो. थाप मारण्यासाठी उचललेला हात मी खाली घेतला. मग खाली जाऊन माझ्याकडची जास्तीची बादली भरली. निळी, कान तुटलेली, सुतळीने बांधलेली. ती वर आणली, त्याच्या दाराशी ठेवली. आत खाट कुरकुरली. तो जागा होता. मी खाकरलोसुद्धा नाही. आपल्या खोलीत जाऊन पुस्तक उघडलं.

संध्याकाळी बादली रिकामी होऊन बाहेर आलेली होती. मला केवढं बरं वाटलं! पाणी घेतलंय म्हणजे ठीक आहे, असं मी स्वतःला समजावलं. त्याच्या दुःखाचा मान राखतोय, वर त्याची सोयही बघतोय, असा माझा स्वतःबद्दल फार चांगला समज झाला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. पावलं न वाजवता जिना चढायचा, बादली ठेवायची, जायचं.

आता या वयात खरं सांगायला हरकत नाही. नियम होता म्हणून मी वाजवलं नाही, हे अर्धंच खरं. माझी मुलाखत तीन आठवड्यांवर होती आणि मला त्याच्या दाराची भीती वाटत होती. ते उघडलं तर आतलं सगळं माझ्या अंगावर येईल, मी त्याच्याशेजारी बसेन, आणि मग माझ्याने अभ्यास होणार नाही. त्याचं अपयश मला लागेल, गोवर लागावा तसं. नियम माझ्या सोयीचा होता. मी त्याच्या आडोशाला उभा राहिलो.

तिसऱ्या दिवशी दुपारी भिंतीपलीकडून आवाज आला. बोटांच्या पेरांनी गिटारच्या लाकडावर वाजवल्याचा. टक, टक-टक. थोडा वेळ काही नाही. पुन्हा टक, टक-टक. मला आनंद झाला. म्हटलं, सावरतोय, काहीतरी सुचतंय त्याला. मी पंखा बंद करून ऐकत बसलो. बराच वेळ चाललं होतं. इकडून भिंतीवर एकदा बोट आपटलं असतं तरी त्याला ऐकू गेलं असतं. मी नुसता ऐकत बसलो.

चौथ्या दिवशी सकाळी मी दार उघडलं तर माझ्या दाराशी निळी बादली पालथी ठेवलेली. घासून स्वच्छ केलेली. सुतळीसुद्धा नवी. त्याच्या खोलीचं दार सताड उघडं होतं आणि खाटेवर गादी गुंडाळलेली. खाली आंटी, म्हणजे घरमालकीण, नळाशी उभी होती. ती म्हणाली, "तेरा दोस्त तो तड़के ही निकल गया, सामान लेके। मैंने बोला तुझे जगा दूँ। बोला, नहीं आंटी, उसे पढ़ने दो।"

मी पढलो. यादीत अगदी खालच्या अंगाला नाव आलं. गावात बॅनर लागला, आईने ठरवलेल्या शर्टातला फोटो छापून आला, आणि मी दिल्लीत एका टेबलामागे जो बसलो तो आजतागायत बसलोय. त्याला फोन करायचं रोज ठरवायचो. आधी मुलाखत होऊ दे म्हटलं. मग झाल्यावर लाज वाटायला लागली की आता कोणत्या तोंडाने करू. वर्षभराने केला तर नंबर दुसऱ्याच कोणाचा झाला होता.

आणि मग ते गाणं आलं. ते मी पहिल्यांदा ऐकलं एका चुलत बहिणीच्या हळदीला. सुट्टी काढून गावी गेलो होतो. मांडवात डीजे, अंगभर हळद लावलेले लोक, आणि मधेच तो आवाज. आवाज मी पहिल्याच शब्दाला ओळखला. तोवर मला काही पत्ता नव्हता की त्याने पुण्यात तिघा पोरांना घेऊन बँड काढलाय आणि कॉलेजांच्या गॅदरिंगमध्ये हे गाणं गाजवून मग ते रेकॉर्ड केलंय. मी हातात पानाचा विडा घेऊन उभा होतो. गाणं थांबलं. सगळ्या मांडवाने वाजवलं, टक, टक-टक. त्यानंतर दुसरं कडवं आलं:

'पावलं आली, पावलं गेली,
पाणी ठेवून पावलं गेली.'

माझे काका त्यावर रुमाल फिरवून नाचत होते. मी मांडवामागे जाऊन उभा राहिलो. आई विचारत आली, काय झालं रे? मी म्हणालो, डोळ्यात हळद गेली.

पुढची दहा-बारा वर्षं त्या गाण्याने माझा पिच्छा पुरवला. त्याची रिंगटोन झाली. वरातीत आलं. एका उमेदवाराने शब्द बदलून प्रचाराला लावलं, दार वाजव म्हणजे मत दे. घरोघरी तपासणीला जाणाऱ्या आरोग्यसेविकांच्या जाहिरातीत आलं. शाळेतल्या पोरांनी बाकावर ती टकटक करून मास्तरांना जेरीस आणलं. एका प्राध्यापकबाईंनी रविवारच्या पुरवणीत लिहिलं की इथे पाणी हे जीवनाचं प्रतीक असून पावलं म्हणजे काळाची पावलं आहेत. मी तो लेख वाचून हसलो आणि मग बराच वेळ मला हसू येईना. ते मुनिरक्याचं क्षाराचं पाणी होतं. साबणाला फेस येत नसे त्याचा.

त्याच्या सगळ्या मुलाखती मी पाहिल्या आहेत. प्रत्येक वेळी त्याला विचारतात, गाणं सुचलं कसं? तो प्रत्येक वेळी निराळं सांगतो. एकदा म्हणाला, एक मुलगी होती. एकदा म्हणाला, गावाकडे पाऊस होता. एकदा नुसतंच, असंच सुचलं. मुनिरक्याचं नाव त्याने कधीच घेतलं नाही, बादलीचं तर नाहीच. मी प्रत्येक मुलाखत श्वास रोखून ऐकायचो आणि संपली की दोनच गोष्टी मनात यायच्या. तो मला सांभाळून घेतोय, किंवा तो मला विसरलाय. यातलं कोणतं वाईट, हे मला ठरवता येत नव्हतं. तेवढंच एक मला हवं होतं, त्याच्या तोंडून कळायला.

मुलगी तिसरीत होती तेव्हा मंडळाच्या कार्यक्रमात याच गाण्यावर नाचली. दिल्लीत वाढलेली, तिला अर्धे शब्द अडायचे. घरी सराव करताना तिने विचारलं, "बाबा, उंबरा म्हणजे?" मी म्हटलं, दहलीज. "अच्छा, दहलीज! तो ऐसा बोलो ना." मग थोडा वेळ नाचली आणि थांबली. "पण बाबा, तो माणूस पानी रखके का जातो? अंदर जाऊन का नाही देत?"

"त्याला घाई असेल," मी म्हणालो.

"बुरा माणूस आहे," ती म्हणाली आणि पुन्हा नाचायला लागली.

आता ती पुण्याला कॉलेजात आहे. बायकोची बँकेतून तिकडेच बदली झाली आणि दोघी एकत्र राहतात, तेच बरं. मी द्वारकेच्या तीन खोल्यांत एकटा. रोज मेट्रोने ऑफिस, ऑफिसातून घर. रविवारी दुपारी कधी लक्षात येतं की शुक्रवारी संध्याकाळपासून आपण तोंडाने एक शब्द बोललेलो नाही. मग मी उगीच कुकरला शिव्या देतो.

गेल्या हिवाळ्यात तापाने आडवा झालो. तीन दिवस. जेवण मागवायचो. आता सगळं फोनवर असतं, गेटवरून सोडायचं फोनवर, पैसे फोनवर, दार उघडायचं कारणच उरलेलं नाही. लिफ्टचा आवाज यायचा. मग चपला. चपला दाराशी थांबायच्या, पिशवी टेकल्याचा आवाज व्हायचा, डिलिव्हरीवाला तिचा फोटो काढायचा आणि चपला परत जायच्या. मी पलंगावर पडून ऐकायचो. सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरींनी लिहिलं की साहेब आजारी आहेत, तर पटापट सगळ्यांनी हात जोडलेली चित्रं टाकली. शेजारी सूप ठेवून गेले, मेसेज टाकला, 'डिस्टर्ब नहीं किया, सूप बाहर है।' भली माणसं आहेत. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या चपला परत जायला लागल्या तेव्हा मी चक्क हाक मारली, "भैया!" घसा बसलेला, आवाज दारापर्यंत पोचला नाही. लिफ्ट खाली गेली. मी भिंतीकडे तोंड करून रडलो. मुनिरक्यात दोन पोरं एका विटेच्या अंतरावर होती, आणि त्यातल्या एकाने तीन दिवस हे ऐकलं होतं.

ताप उतरल्यावर महिन्याभराने मंडळाच्या ग्रुपवर बातमी आली: तो बँड दिल्लीला येतोय. शनिवारी संध्याकाळी कार्यक्रम, मंडळाला पास मिळाले होते. मी गेलो, शेवटच्या रांगेत बसलो. तो जाड झालाय, केस पिकलेत, चष्मा आलाय. पण गिटार तशीच उंच धरतो, छातीशी, चर्चमध्ये शिकलेल्यासारखी. ते गाणं शेवटी आलं. मधली ती शांतता आली तेव्हा सगळं सभागृह खुर्च्यांच्या हातांवर वाजवायला लागलं. तो स्टेजवर डोळे मिटून उभा होता. लोकांना हसू आलेलं होतं, मजा चालली होती, आणि तेवढ्या सगळ्यांत तो एकटा माणूस थकलेला दिसत होता. मी हात मांडीखाली दाबून बसलो.

बाहेर पडताना सेक्रेटरी म्हणाले, "कस्तुरबा गांधी मार्गावर उतरलेत, आपल्या अतिथीगृहात. उद्या दुपारी निघणार. फोटो मिळाला असता, पण साला ओळख नाही कोणाची."

 घरी येऊन शर्टाला इस्त्री केली.

रविवारी सकाळी ब्लू लाइनने बाराखंबा रोडला उतरलो आणि चालत गेलो. काउंटरवर मराठी मुलगी होती. मी त्याला भेटायचंय म्हटल्यावर तिने आधीच मान हलवली. "सॉरी सर. त्यांनी सांगितलंय, कोणालाही वर पाठवू नका. काल आल्यापासून लोक वर जाऊन दार वाजवतायत. ती टक, टक-टक करतात ना. शेवटी फोनसुद्धा काढून ठेवलाय त्यांनी." मग माझा चेहरा बघून म्हणाली, "सगळीकडे असंच होतं म्हणे. एक मिनिट शांत बसू देत नाहीत."

मी थँक्यू म्हणून कँटीनमध्ये गेलो. झुणका-भाकरी मागवली. ती समोर आली. परत नियम. परत लागलेलं दार, आणि आतला माणूस म्हणतोय की वाजवू नका. बावीस खात्यांची परिपत्रकं मला पाठ आहेत, आयुष्यात मी एकही मोडलेलं नाही. ताट तसंच ठेवून मी उठलो, काउंटरवरची मुलगी फोनवर बोलत होती, तिच्याकडे न बघता जिना चढायला लागलो. पहिल्याच मजल्यावर कठडा धरून उभा राहिलो. पकडलं तर काय सांगायचं, याचीही टिपणी मनात तयार झाली. मग पुढे चढलो.

वरचा मजला. लांब कॉरिडॉर. त्याच्या दाराच्या मुठीला पाटी लटकत होती, 'कृपया त्रास देऊ नये'. आतून टीव्हीचा नाही, गिटारचा नाही, कसलाच आवाज नाही. मी हात उचलला. इतक्या वर्षांचं ऐकून बोटांना आपोआप तोच ठेका यायला लागला, तो मी आवरला आणि साध्या दोन थापा मारल्या.

"नंतर या हो, प्लीज," आतून आवाज आला. रागाचा नव्हता. दमलेला होता.

मी तिथेच उभा राहिलो. माझं नाव सांगावं असं वाटलं, पण नाव सांगून काय होणार होतं? माफी मागावी तर ती बंद दाराला कशी मागायची? परत फिरावं, असंही वाटलं, अगदी खरं सांगतो. पाय वळलेसुद्धा. मग मी पुन्हा दाराकडे तोंड केलं, दोन थापा मारल्या आणि मुनिरक्यात रोज सकाळी ओरडायचो तेच म्हणालो. ओरडता आलं नाही, आवाज फाटला.

"पाणी आलंय."

आत काही हललं नाही. बराच वेळ. मग पलंग कुरकुरला. पावलं आली. ती दाराशी येऊन थांबली आणि तशीच थांबून राहिली, आणि मला वाटलं, आता तो ती परत नेणार, आणि ते बरोबरच होईल. कडी निघाली. दार उघडून तो उभा राहिला. बनियन, लुंगी, हातात चष्मा. त्याने चष्मा लावला. माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, मग माझ्या हातांकडे, एकदा उजव्या, एकदा डाव्या.

"बादली कुठंय?" त्याने विचारलं.

"नाही आणली."

"मग ये," तो म्हणाला आणि दारातून बाजूला झाला.